जुने गँगस्टर सिनेमे: हसूही येतं आणि भीतीही वाटते, ते कसं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

१९३१ ते १९४९ या काळातले अमेरिकन गँगस्टर सिनेमे मी गेली काही वर्षं घरी लोकांना दाखवतेय, शेजारी, मैत्रिणी, आई, भाचा, जो येईल त्याला, आणि दरवेळी फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं. काही उत्तरं लांबलीयेत, ती लांबायलाच हवी होती. आणि हो, शेवट सांगून टाकलेत, ज्यांना ते आधी कळायला नकोत त्यांनी सिनेमे बघूनच या.

नक्की कोणत्या सिनेमांबद्दल बोलतोय आपण?

मुख्य पाच. 'लिटल सीझर' (१९३१, एडवर्ड जी. रॉबिन्सन), 'द पब्लिक एनिमी' (१९३१, जेम्स कॅग्नी), 'स्कारफेस' (१९३२, पॉल म्युनी, तो अल पचिनोवाला १९८३चा वेगळा), 'किस ऑफ डेथ' (१९४७, रिचर्ड विडमार्क) आणि 'व्हाइट हीट' (१९४९, पुन्हा कॅग्नी). 'गॉडफादर' यात नाही, तो फार नंतरचा आणि त्याची तऱ्हाच वेगळी आहे.

एवढा खुनशी माणूस समोर आहे आणि मला हसू येतंय, माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. सगळ्यांनाच येतं. मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण हसू नेमकं कुठे येतं ते बघा, कारण माझं तर ठाम मत झालंय की हसू आणि भीती या दोन्ही गोष्टी एकाच जागेवरून येतात. हा माणूस स्वतःला प्रचंड मोठा समजतो, आपल्याला कोणी मान द्यावा म्हणून आतून तडफडत असतो, आणि ती तडफड उघडी पडली की आपल्याला हसू फुटतं, पण मान मिळवायला त्याच्याकडे बंदुकीशिवाय दुसरं काहीच नाही हे लक्षात आलं की तेच हसू घशात अडकतं.

'लिटल सीझर'मधला मेजवानीचा सीन घ्या. रिकोच्या (म्हणजे रॉबिन्सनच्या) मानासाठी पार्टी ठेवलीये, लांबलचक टेबल, सगळे गुंड सुटाबुटात, त्याला सोन्याचं घड्याळ भेट देतात (तेही चोरीचं), आणि मग म्हणतात भाषण कर. रिको उभा राहतो आणि त्याला बोलता येत नाही. दारू चांगली आहे असं लोक म्हणतायत, मी स्वतः पीत नाही, तुम्ही आपापल्या बायकांना घेऊन आलात बरं वाटलं, अशी दोन-चार तुटक वाक्यं, शाळेच्या गॅदरिंगला पाठांतर विसरलेल्या मुलासारखी, आणि खाली बसतो. आमच्याकडे या सीनला सगळे हसतात. तेवढ्यात पेपरवाले येऊन फोटो काढतात, आणि रिको इतका खूश होतो की दुसऱ्या दिवशी स्टॉलवर जाऊन त्याच पेपरच्या दहा प्रती विकत घेतो. दहा! परत हसू. आणि त्या प्रती काखेत घेऊन निघालाय तोवर गाडीतून त्याच्यावर गोळीबार होतो.

आता शेवटाकडे या. पोलिसांपासून लपून तो एका भिकार रैनबसेऱ्यात पडलाय, दाढी वाढलेली, आणि शेजारचे लोक पेपर मोठ्याने वाचतायत की रिको भित्रा निघाला. पोलिसांनी ते मुद्दाम छापून आणलंय. आणि तो हे सहन करू शकत नाही, उठतो, पोलिसांना फोन करून शिव्या घालतो, फोनवरून त्याचा पत्ता लागतो आणि संपतं सगळं. म्हणजे दहा प्रती घेणारा हाच माणूस, हाच हव्यास. आधी ज्याला हसलो त्याच गोष्टीने तो मेला. पहिल्यांदा बघताना हे जोडलं जात नाही, दुसऱ्यांदा बघा म्हणजे मेजवानीच्या सीनला हसताना आत कुठेतरी कसंतरी होईल.

सगळे हीरो-व्हिलन इतके बुटके कसे?

कॅग्नी आणि रॉबिन्सन दोघंही साधारण साडेपाच फुटांचे. भाच्याने विचारलं होतं, "मावशी, हा डॉन आहे? याला तर आमचा पीटीचा सर पण उचलून टाकेल." बरोबर आहे त्याचं. पण उंच, धिप्पाड माणूस नुसता उभा राहिला तरी लोक घाबरतात, त्याला काही करावं लागत नाही. बुटक्या माणसाला सतत काहीतरी करावं लागतं, खांदे उडवायचे, हनुवटी पुढे काढायची, समोरच्याच्या अंगावर जायचं, आणि तो केव्हा काय करेल याचा नेम नसतो. रॉबिन्सनचे खांदे बघा, सूट घातल्यावर जाकिटात मावत नाहीत असे तो ते वर घेतो.

एक गोष्ट सांगते जी मला फार आवडते. रॉबिन्सन प्रत्यक्षात अतिशय सौम्य, वाचनवेडा माणूस, जन्म बुखारेस्टचा, खरं नाव इमॅन्युएल गोल्डनबर्ग, लहानपणी घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आला. बंदूक झाडली की त्याचे डोळे आपोआप मिटायचे, किती टेक घेतले तरी तेच, शेवटी पापण्यांना बारीक चिकटपट्ट्या लावून शूटिंग केलं असं सेटवरच्या लोकांनी नंतर सांगितलंय. म्हणजे रिकोची ती न लवणारी नजर, जिला आपण घाबरतो, ती चिकटपट्टीची कमाल! आणि सिनेमात रिको एका बड्या माणसाच्या घरी जातो तेव्हा भिंतीवरचं चित्र सोडून सोनेरी फ्रेमची किंमत काय असेल याचाच विचार करतो, तर प्रत्यक्षात रॉबिन्सन हा अमेरिकेतल्या नामांकित चित्रसंग्राहकांपैकी एक होता. चित्र कळणाऱ्या माणसाने चित्र न कळणारा माणूस काय सुंदर उभा केलाय.

सगळे इतकं भरभर का बोलतात? सिनेमा फास्ट चाललाय का?

नाही. मूकपट चुकीच्या स्पीडने चालवले की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, तो वेगळा प्रकार. हे बोलपट आहेत, आवाज फिल्मलाच जोडलेला म्हणून स्पीड सेकंदाला २४ फ्रेमवर पक्का, त्यात गडबड होत नाही. कॅग्नी बोलतोच तसा. तो न्यूयॉर्कच्या गल्ल्यांमधला, नाचणारा माणूस, शरीर आणि जीभ दोन्ही एका तालात चालतात त्याची. उलट 'लिटल सीझर'मध्ये काही जण अगदीच सावकाश, शब्द चावून चावून बोलतात, कारण बोलपट नुकतेच सुरू झाले होते आणि नाटकातलं बोलणं कॅमेऱ्यासमोर कितपत चालतं हे कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. तिथे येणारं हसू मात्र खरंच नकळत झालेल्या विनोदाचं.

तो नाकातला, "न्याऽऽ, सीऽऽ" करणारा आवाज मी कार्टूनमध्ये ऐकलाय. आधी कोण?

आधी रॉबिन्सन, मग बाकी सगळे. बग्ज बनीच्या कार्टूनमधले गुंड त्याच्यावरूनच उचललेत, 'द सिम्पसन्स'मधल्या पोलीस प्रमुखाचा आवाजही त्याचीच नक्कल. आपली अडचण ही आहे की आपण नक्कल आधी ऐकली आणि अस्सल नंतर, त्यामुळे अस्सल माणूसच स्वतःची नक्कल करतोय असं वाटतं. १९३१ साली थिएटरात बसलेल्या माणसाला असं काही वाटायचा प्रश्नच नव्हता, त्याने रोजच्या पेपरात अल कपोन या शिकागोच्या खऱ्याखुऱ्या डॉनच्या बातम्या वाचलेल्या होत्या.

कॅग्नीच्या तोंडी घातलेलं ते "यू डर्टी रॅट" हे वाक्य तर त्याने तसंच्या तसं कुठल्याच सिनेमात म्हटलेलं नाही. १९३२च्या 'टॅक्सी!'मध्ये त्याच्या जवळपास जाणारं एक लांब वाक्य आहे, नकलाकारांनी ते छाटून सुटसुटीत केलं.

माझा उपाय सांगू? पहिली वीस मिनिटं जाऊ द्या. कानाला सवय होते, आणि नक्कल डोक्यातून उतरली की माणूस दिसायला लागतो.

आणि तो सतत नाणं उडवणारा?

जॉर्ज राफ्ट, 'स्कारफेस'मध्ये. तो मूळचा नाचणारा, अभिनयात नवखा, बोलण्यापेक्षा त्याला हाताला काम दिलं, आणि ते इतकं जमलं की पुढे प्रत्येक फुटकळ गुंड पडद्यावर नाणं उडवायला लागला. तोंडावर एकही भाव नाही आणि नाणं वर-खाली, वर-खाली. म्हणून जेव्हा त्याला मारायला त्याचाच दोस्त दारात येतो आणि ते नाणं हातात परत येत नाही तेव्हा पोटात खड्डा पडतो. १९५९च्या 'सम लाइक इट हॉट'मध्ये राफ्ट स्वतः एका नाणं उडवणाऱ्या पोराला विचारतो की ही स्वस्तातली युक्ती कुठून शिकलास, आणि तो पोरगा म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सनचा खरा मुलगा! हे कळल्यावर मी तो सीन लागोपाठ तीनदा बघितला होता.

'स्कारफेस'मधला तो मंद सेक्रेटरी मुद्दाम विनोदी आहे ना?

हो, शंभर टक्के मुद्दाम. अँजेलो (व्हिन्स बार्नेट). त्याला निरोप लिहून घेता येत नाही, फोन घेतला की समोरच्याचं नाव विचारायचं विसरतो, चिडून फोनवरच पिस्तूल रोखतो. एका सीनला हॉटेलवर मशीनगनचा मारा चालू आहे, काचा फुटतायत, गरम पाण्याच्या भांड्याला भोकं पडून पाण्याच्या धारा लागल्यात, आणि हा फोनवर सांगतोय की नीट ऐकू येत नाहीये. हसून हसून पुरेवाट होते. आणि मग शेवटाकडे त्याला गोळ्या लागलेल्या असताना फोन वाजतो, तो उचलतो, आणि पहिल्यांदाच नाव बरोबर सांगतो, मग कोसळतो. हसवलं ते यासाठी होतं हे तेव्हा कळतं. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि लेखक बेन हेक्ट, दोघांनाही पक्कं माहिती होतं आपण काय करतोय.

मग नकळत झालेला विनोद कुठला?

'स्कारफेस'मध्येच आहे, आणि तो सेन्सॉरने करून ठेवलाय. सेन्सॉरवाल्यांना वाटलं सिनेमा गुंडांचं कौतुक करतो, मग सुरुवातीला पाटी घातली की हा सिनेमा गुंडगिरीवरचा आरोप आहे आणि तुम्ही, प्रेक्षकहो, याबद्दल काय करणार आहात, नावापुढे 'राष्ट्राची लाज' असं शेपूट जोडलं, आणि मध्येच एक सीन घुसवला ज्यात पेपरचा मालक आणि गावातली चार प्रतिष्ठित माणसं एका खोलीत बसून कायदे, सरकार, लष्कर यावर व्याख्यान देतात. तो सीन हॉक्सने घेतलेलाच नाही. कुणी हलत नाही, कुणी जागचं उठत नाही, आतापर्यंत सिनेमा सुसाट चाललेला आणि एकदम नागरिकशास्त्राचा तास सुरू. आमच्याकडे सर्वांत जास्त हशा इथे पिकतो.

त्याहून कमाल म्हणजे एक पर्यायी शेवट. त्यात टोनीला (म्युनीचं पात्र, सिनेमातला मुख्य गुंड) पकडून खटला चालवून फाशी देतात, पण म्युनी त्या शूटिंगला हजर नव्हता, त्यामुळे आरोपीचा चेहराच दाखवता येईना, मग न्यायाधीश सरळ कॅमेऱ्यात बघून शिक्षा सुनावतो आणि आपल्याला दिसतात ते पाय वगैरे. हा शेवट कुठे मिळाला तर मूळ सिनेमा बघून झाल्यावरच बघा.

दुसरं म्हणजे बोरिस कार्लोफ. आदल्याच वर्षी 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षस झालेला हा इंग्रज माणूस शिकागोचा गुंड गॅफनी म्हणून येतो आणि बोलतो अस्सल इंग्रजी उच्चारात. जाम विचित्र वाटतं. पण त्याचं मरण बघा. तो बोलिंग खेळतोय, चेंडू हातातून सुटतो तेवढ्यात गोळ्या येतात, कॅमेरा त्याच्याकडे न बघता चेंडूमागे जातो, सगळे पिन पडतात, एक उभा राहतो, डुगडुगतो, गरगरतो आणि पडतो. माणूस पडताना दाखवलाच नाही. या सिनेमात कोणी मरणार असेल की कुठेतरी फुलीची खूण दिसते, खांबात, सावलीत, गालावर, आणि इथे ती गुणांच्या तक्त्यावर आहे.

आणि तिसरं 'पब्लिक एनिमी'तलं. आधी कॅग्नीला दुय्यम मॅटचं काम दिलेलं आणि मुख्य टॉम होता एडवर्ड वुड्स. शूटिंग सुरू झाल्यावर दिग्दर्शक विल्यम वेलमनच्या लक्षात आलं की उलटं झालंय, दोघांची अदलाबदल केली, पण बालपणीचे सीन घेऊन झाले होते ते तसेच राहिले. म्हणून लहानपणीचा मॅट दिसतो कॅग्नीसारखा आणि मोठेपणी तो होतो दुसराच! ज्यांना माहिती नाही ते पहिली पंधरा मिनिटं गोंधळलेले असतात, विचारू नका.

ग्रेपफ्रूटच्या सीनला हसायचं की नाही?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: सकाळची वेळ, नाश्त्याचं टेबल, टॉम पायजम्यात, मैत्रीण (मे क्लार्क) काहीतरी साधंच बोलते आणि तो समोरचं अर्धं कापलेलं ग्रेपफ्रूट, म्हणजे आपल्या पपनसाच्या जातीतलं फळ, उचलून तिच्या तोंडावर दाबतो. एवढंच. काही सेकंदांचं काम. पुढे कित्येक वर्षं हॉटेलात लोक कॅग्नीच्या टेबलावर गंमत म्हणून ग्रेपफ्रूट पाठवायचे.

मला त्यात गंमत वाटत नाही. मी दरवेळी तिच्याकडे बघते. ती ओरडत नाही, चेहरा झाकून घेते, डोळे मिटलेले. या सिनेमात माणसं मारली जातात ती बहुतेक पडद्याआड, पण हा अपमान मात्र समोरासमोर, उजेडात, जेवणाच्या टेबलावर आहे. मुलं हसतात तेव्हा मी सीन मागे नेऊन परत दाखवते, काही न बोलता. दुसऱ्यांदा कोणी हसत नाही.

घोड्याला खरंच मारतात?

पडद्यावर दिसत नाही, फक्त आवाज येतो. टोळीचा म्होरक्या घोड्यावरून पडून मरतो म्हणून टॉम तबेल्यात जाऊन घोड्याची किंमत विचारतो, पैसे मोजतो, आणि मग गोळीचा आवाज. आधी वेडेपणा वाटतो, पण शिकागोत नेल्स मॉर्टन नावाचा गुंड १९२३ साली असाच घोड्यावरून पडून मेला होता आणि त्याच्या माणसांनी घोड्याला मारलं अशी गोष्ट तिथे सांगितली जायची, त्यावरून हे घेतलंय. रीतसर पैसे मोजून घोड्याचा सूड. हे लोक काय डोक्याचे होते ते यात दिसतं.

एवढ्या गोळ्या सुटतात आणि रक्त एक थेंब नाही?

तेव्हा सहसा दाखवत नव्हते. १९३० साली सिनेमात काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली आली, जुलै १९३४ पासून ती कडक झाली, मग तर आणखीच हात आखडले. त्यामुळे माणूस पोट धरतो, भिंतीला टेकतो आणि मरतो, हे नाटकी वाटतं. पण एक लक्षात ठेवा, 'पब्लिक एनिमी'मध्ये भिंतीचे टवके उडतात ते खऱ्या गोळ्यांनी, तेव्हा पडद्यासाठी सराईत नेमबाज खऱ्या गोळ्या झाडायचे, आणि कॅग्नी त्या कोपऱ्यामागून हलल्यावर क्षणभरात तिथे गोळ्या बसतात. त्याच्या चेहऱ्यावरची घाई खरी आहे.

'व्हाइट हीट'मध्ये एवढा बाप्या आईच्या मांडीवर बसतो, हे सिरियसली घ्यायचं?

घ्यायचंच. कोडी जॅरेट (कॅग्नी), टोळीचा प्रमुख, त्याला डोकं फुटेल अशी कळ येते, आई मान चोळून देते आणि मग तो तिच्या मांडीवर बसतो. मांडीवर बसायची कल्पना कॅग्नीचीच, दिग्दर्शक राउल वॉल्शला विचारून त्याने ती केली. माझी आई हा सीन बघताना आधी खुदकन हसली, "अगं, हा घोडा केवढा, आणि बसतोय कुठे!" म्हणाली, आणि मग तिने पडद्यावरच्या आईचा चेहरा बघितला. त्या बाईच्या चेहऱ्यावर माया आहे आणि हिशोबही आहे, ती त्याला पेला देते आणि 'जगाच्या माथ्यावर' असं काहीतरी म्हणते. आई गप्पच झाली. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "हिनेच केलाय याला असा."

मग येतो जेवणाच्या हॉलचा सीन, माझ्या मते या सगळ्या सिनेमांतला सर्वांत मोठा. तुरुंगात शेकडो कैदी जेवायला बसलेत, बोलायला बंदी. कोडी शेजारच्याच्या कानात विचारतो, आई कशी आहे, तो पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला, असा प्रश्न रांगेने पलीकडे जातो आणि उत्तर तसंच कानाकानातून परत येतं: मेली. लहानपणी आपण खेळायचो तो कानगोष्टींचा खेळ. कोडी आधी स्तब्ध, मग कण्हतो, मग त्याच्या तोंडून जो आवाज निघतो तो माणसाचा वाटत नाही, टेबलांवरून रांगतो, पहारेकऱ्यांना ठोसे मारतो. लहानपणी मित्राच्या काकांना भेटायला वेड्यांच्या इस्पितळात गेलो होतो, ते आवाज आठवले, असं कॅग्नीने सांगितलंय. इथे हसणारा प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही, आणि मांडीवरचा सीन आधी नसता तर हा एवढा लागलाही नसता.

याच सिनेमात तो कोंबडीची तंगडी खात खात गाडीच्या डिकीत कोंडलेल्या माणसाशी बोलतो. आत गुदमरतंय म्हणतोस? थोडी हवा देतो, म्हणून डिकीला गोळ्या घालतो. आणि तंगडी खाणं चालूच.

सर्वांत भीतिदायक कोण?

माझं मत विडमार्कला. 'किस ऑफ डेथ' हा त्याचा पहिलाच सिनेमा, ऑस्करचं नामांकनही मिळालं. टॉमी यूडो खिदळतो, लहान पोराने खोडी काढल्यावर खिदळावं तसा, आणि खिदळतच व्हीलचेअरवरच्या म्हातारीला वायरने बांधून जिन्यावरून ढकलून देतो. बाकीच्यांना निदान मोठं व्हायचंय, नाव कमवायचंय. याला नुसती मजा येते.

आपल्याकडे असं काही आहे का?

अजितचं उदाहरण अगदी चपखल. 'कालिचरण'मधला (१९७६) लॉयन, सगळं शहर मला या नावाने ओळखतं म्हणणारा, तो सिनेमात चांगलाच करडा आहे, पण पुढे अजितच्या नावाने इतके जोक झाले की आता तो तोंड उघडायच्या आधीच लोक हसतात. रॉबिन्सनचं झालं तेच.

आणि कोडी जॅरेटच्या जवळ जाणारा आपला माणूस म्हणजे 'परिंदा'मधला (१९८९) नाना पाटेकरचा अण्णा. आगीला घाबरणारा, शांतपणे बोलता बोलता एकदम सुटणारा, आणि शेवटी आगीतच संपणारा. कोडीही पेटलेल्या गॅसच्या टाकीवर उभा राहूनच जातो. फरक एवढाच की कोडी ती आग हसत अंगावर घेतो.

सुरुवात कुठून करू?

'व्हाइट हीट'. तो सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत वेगवान. मग 'पब्लिक एनिमी', मग 'स्कारफेस'. 'लिटल सीझर' शेवटी ठेवा, संथ आहे, कान तयार झाल्यावर जास्त आवडेल. इंग्रजी सबटायटल लावाच, जुनी गल्लीतली भाषा आपल्याला चटकन कळत नाही.

'पब्लिक एनिमी'च्या शेवटाला आमच्या घरी सगळे हसले, असं व्हायला हवं होतं का?

होतं असं, कारण दारात टॉम उभा असतो तो पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला, ममीसारखा, आणि लाकडी ओंडका पडावा तसा तोंडावर पडतो. पण पुढच्या वेळी कान उघडे ठेवून बघा. टॉम इस्पितळातून घरी येणार असा फोन आलाय, ग्रामोफोनवर एक गोड, हलकंफुलकं गाणं लागलंय, आई आनंदाने वर धावत जाते, गाणं गुणगुणत त्याची खोली आवरते, अंथरूण घालते, उशी थोपटते. खाली दार वाजतं. भाऊ उघडतो. तो पडतो. रेकॉर्ड संपते आणि सुई नुसतीच फिरत राहते, खर्र खर्र. वर आई अजून उशा सारख्या करतेय, तिला कुणी सांगितलेलं नाही. यानंतर एक उपदेशाची पाटी येते, ती यायच्या आत बंद करा.